समान किमतीच्या ग्राफिक्स कार्डांतील निवड : तांत्रिक निकष आणि व्यावहारिक विचार

सारांश

खेळांसाठी संगणक जुळवताना सर्वाधिक खर्च बहुधा ग्राफिक्स कार्डावर होतो. ठरलेल्या रकमेत दोन किंवा तीन कार्डे उपलब्ध असली की त्यांतून एकाची निवड कशी करावी, हा प्रश्न ग्राहकापुढे उभा राहतो. प्रस्तुत लेखात ग्राफिक्स कार्डाचे कार्य, वेष्टनावरील आकड्यांचा अर्थ आणि त्यांच्या मर्यादा यांचे विवेचन केले असून, जुलै २०१९ मध्ये एकाच किमतीला विक्रीस आलेल्या दोन कार्डांचा तौलनिक विचार केला आहे. खरेदीच्या दिवशी दिसणाऱ्या वेगातील थोड्या फरकापेक्षा, जी उणीव पुढे भरून काढता येत नाही तिला निवडीत अधिक महत्त्व द्यावे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : ग्राफिक्स कार्ड, मेमरी, बँडविड्थ, फ्रेम, रे ट्रेसिंग, वीजवापर

१. प्रस्तावना

संगणकाच्या पडद्यावर दिसणारे प्रत्येक चित्र कोणत्या ना कोणत्या ग्राफिक्स प्रोसेसरने तयार केलेले असते. कार्यालयीन कामासाठी मुख्य प्रोसेसरमध्येच अंतर्भूत असलेली सोय पुरेशी ठरते. परंतु त्रिमितीय खेळ, चित्रफितींचे संपादन अथवा ॲनिमेशन यांसाठी स्वतंत्र कार्डाची आवश्यकता भासते. एन्व्हिडिया कंपनीने १९९९ मध्ये 'जीफोर्स २५६' हे उत्पादन 'जीपीयू' या नावाने बाजारात आणले आणि तेव्हापासून ही संज्ञा रूढ झाली. एएमडीने २००६ मध्ये एटीआय ही कंपनी विकत घेऊन या क्षेत्रात प्रवेश केला. पुढे २०२२ मध्ये इंटेलनेही 'आर्क' मालिकेद्वारे स्वतंत्र कार्डांच्या बाजारात पाऊल टाकले.

या कंपन्या आपल्या उत्पादनांच्या किमती परस्परांकडे पाहून ठरवतात. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक किंमतपातळीवर किमान दोन प्रतिस्पर्धी कार्डे आढळतात. शंभर रुपयांच्या वस्तूबाबत असा पेच पडला तर निवड चुकली तरी फारसे बिघडत नाही. ग्राफिक्स कार्डाची गोष्ट वेगळी आहे. मध्यमवर्गीय कुटुंबात महाविद्यालयीन मुलासाठी अथवा मुलीसाठी घेतलेला संगणक पाच-सहा वर्षे वापरला जातो. त्याच संगणकावर अभ्यास, प्रकल्प आणि मनोरंजन या तिन्ही गोष्टी होतात आणि मधल्या काळात कार्ड बदलण्याइतकी रक्कम पुन्हा उभी राहीलच असे नाही. म्हणून 'आज कोणते कार्ड अधिक वेगवान आहे?' या प्रश्नाला 'हे कार्ड किती काळ उपयोगी राहील?' या दुसऱ्या प्रश्नाची जोड देणे आवश्यक ठरते.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (अ) कार्डाच्या वैशिष्ट्यांचा अर्थ सामान्य वाचकास समजेल अशा रीतीने स्पष्ट करणे, (आ) समान किमतीच्या कार्डांच्या प्रत्यक्ष उदाहरणांवरून निवडीचे निकष शोधणे, (इ) भारतीय ग्राहकाच्या दृष्टीने किमतीचा व्यापक विचार करणे.

२. ग्राफिक्स कार्डाचे कार्य

खेळातील हालचाल ही वस्तुतः एकामागून एक दाखवलेल्या स्थिर चित्रांची मालिका असते. अशा प्रत्येक चित्रास फ्रेम म्हणतात. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एक फ्रेम तयार करण्यासाठी कार्डाला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ फ्रेम हव्या असल्यास हा अवधी सात मिलिसेकंदांहूनही कमी होतो. तेवढ्या अवधीत दृश्यातील वस्तूंचे आकार, त्यांवरील पोत, प्रकाश आणि सावल्या यांची गणिते करून पडद्यावरील प्रत्येक बिंदूचा रंग ठरवावा लागतो.

बिंदूंची संख्या मॉनिटरवर अवलंबून असते. १९२० × १०८० या मांडणीत २०,७३,६०० बिंदू असतात. २५६० × १४४० मध्ये ३६,८६,४००, तर ३८४० × २१६० मध्ये ८२,९४,४०० बिंदू असतात. म्हणजे पहिल्या मॉनिटरऐवजी तिसरा जोडल्यास कार्डावरील बिंदूंचा भार चौपट होतो. कार्डाची निवड मॉनिटरपासून सुरू करावी असे जाणकार सांगतात, त्याचे कारण हेच होय.

सेकंदाला सरासरी किती फ्रेम मिळतात, हे मोजमाप सर्वत्र वापरले जाते; परंतु ते अपुरे आहे. समजा, एक कार्ड प्रत्येक फ्रेम १४ मिलिसेकंदांत देते. दुसरे कार्ड शंभरपैकी ९५ फ्रेम ११.५ मिलिसेकंदांत देते, मात्र उरलेल्या पाच फ्रेमना प्रत्येकी ६० मिलिसेकंद घेते. दोहोंची सरासरी जवळजवळ सारखीच येते. तरीही पहिल्यावर खेळ सलग वाटेल आणि दुसऱ्यावर तो अडखळत चालल्यासारखा भासेल. 'द टेक रिपोर्ट' या प्रकाशनाचे स्कॉट वॉसन यांनी २०११ मध्ये फ्रेमगणिक लागणाऱ्या वेळेचे विश्लेषण मांडल्यानंतर या बाबीकडे परीक्षकांचे लक्ष वेधले गेले. आता चांगल्या परीक्षणांत सरासरीबरोबरच सर्वांत मंद एक टक्का फ्रेमचा आकडाही दिला जातो. समान किमतीच्या कार्डांची तुलना करताना हा दुसरा आकडा अवश्य पाहावा.

३. वेष्टनावरील आकडे आणि त्यांचा अर्थ

३.१ गणनघटक आणि गती : कार्डात हजारो लहान गणनघटक एकाच वेळी काम करीत असतात. एन्व्हिडिया त्यांना 'क्युडा कोअर' म्हणते, तर एएमडी 'स्ट्रीम प्रोसेसर' म्हणते. या दोहोंची रचना भिन्न असल्याने त्यांच्या संख्यांची थेट तुलना करता येत नाही. एकाच कंपनीच्या एकाच पिढीतील दोन कार्डांमध्ये मात्र ही तुलना बऱ्याच अंशी उपयोगी ठरते.

३.२ मेमरीची बँडविड्थ : कार्डावरील मेमरीतून प्रोसेसरकडे दर सेकंदाला किती माहिती जाऊ शकते, हे बँडविड्थवरून कळते. मेमरी बसची रुंदी बिटमध्ये घेऊन तिला मेमरीच्या प्रतिसेकंद गिगाबिट गतीने गुणावे आणि आठाने भागावे. २५६ बिटची बस आणि १४ गिगाबिट गती असल्यास बँडविड्थ ४४८ गिगाबाइट येते. अलीकडील काही कार्डांत बस अरुंद ठेवून प्रोसेसरमधील कॅशे मेमरी वाढवलेली असते; त्यामुळे केवळ बसची रुंदी पाहून निष्कर्ष काढणेही योग्य नव्हे.

३.३ मेमरीची क्षमता : खेळातील पोत, आकृत्या आणि मधले हिशेब कार्डाच्या मेमरीत साठवले जातात. ही मेमरी पुरेशी असेल तोवर तिची वाढीव क्षमता वेगात काहीही भर घालत नाही. ती अपुरी पडू लागली की माहिती संगणकाच्या मुख्य मेमरीतून मदरबोर्डाच्या स्लॉटमार्फत आणावी लागते. पीसीआय एक्सप्रेस ३.० च्या सोळा मार्गिकांच्या स्लॉटची एका दिशेची कमाल गती सेकंदाला सुमारे १६ गिगाबाइट आहे. वर उल्लेखिलेल्या ४४८ गिगाबाइटशी तुलना करता हा मार्ग सुमारे २८ पट मंद आहे. परिणामी खेळ अडखळतो किंवा पोत धूसर दिसू लागतो. मेमरीची उणीव अशी हळूहळू न जाणवता एकदम जाणवते आणि कार्डावर मेमरी नंतर वाढवण्याची सोय ग्राहकास नसते.

३.४ नाव : एकच नाव असलेली दोन उत्पादने प्रत्यक्षात भिन्न असू शकतात. 'जीटी १०३०' हे स्वस्त कार्ड २०१७ मध्ये जीडीडीआर ५ मेमरीसह आले. २०१८ मध्ये त्याच नावाने डीडीआर ४ मेमरीची आवृत्ती निघाली. पहिल्याची बँडविड्थ ४८ गिगाबाइट होती, तर दुसरीची १७ गिगाबाइटच्याही आत होती. 'जीटीएक्स १०६०' च्या सहा व तीन गिगाबाइटच्या आवृत्त्यांत फरक केवळ मेमरीचा नव्हता. पहिल्यात १,२८० आणि दुसरीत १,१५२ गणनघटक होते. दुकानातील बिलावर कार्डाचे नाव, मेमरीचा प्रकार आणि क्षमता या तिन्ही गोष्टी लिहून घेणे म्हणूनच हिताचे आहे.

४. एका किमतीची दोन कार्डे : जुलै २०१९

समान किमतीच्या कार्डांच्या अभ्यासासाठी जुलै २०१९ मधील उदाहरण विशेष उपयुक्त आहे. एएमडीने 'आरएक्स ५७०० एक्सटी' हे कार्ड जून महिन्यात ४४९ डॉलर किमतीस जाहीर केले होते. एन्व्हिडियाने २ जुलै रोजी 'आरटीएक्स २०६० सुपर' ३९९ डॉलरला जाहीर करताच एएमडीने विक्री सुरू होण्याआधीच आपल्या कार्डाची किंमत ५० डॉलरने कमी केली. एएमडीचे कार्ड ७ जुलैला आणि एन्व्हिडियाचे ९ जुलैला विक्रीस आले. किंमत, मेमरीची क्षमता, मेमरीचा प्रकार आणि बँडविड्थ या चारही बाबतींत ही कार्डे सारखी होती.

तक्ता क्र. १ : दोन कार्डांची वैशिष्ट्ये

| घटक | आरएक्स ५७०० एक्सटी | आरटीएक्स २०६० सुपर |
|---|---|---|
| जाहीर किंमत | ३९९ डॉलर | ३९९ डॉलर |
| मेमरी | ८ गिगाबाइट, जीडीडीआर ६ | ८ गिगाबाइट, जीडीडीआर ६ |
| बँडविड्थ | ४४८ गिगाबाइट प्रतिसेकंद | ४४८ गिगाबाइट प्रतिसेकंद |
| गणनघटक | २,५६० | २,१७६ |
| कमाल गणनक्षमता | सुमारे ९.७ टेराफ्लॉप | सुमारे ७.२ टेराफ्लॉप |
| वीजवापर | २२५ वॅट | १७५ वॅट |
| रे ट्रेसिंगसाठी स्वतंत्र घटक | नाहीत | आहेत |

गणनक्षमतेच्या रकान्यात एएमडीचे कार्ड सुमारे ३५ टक्क्यांनी पुढे दिसते. प्रत्यक्ष खेळांत मात्र ही आघाडी सर्वसाधारणपणे दहा टक्क्यांच्या आसपास होती आणि खेळागणिक ती कमी-अधिक होत असे. कागदावरील क्षमता आणि प्रत्यक्ष कामगिरी यांतील अंतर यावरून स्पष्ट होते. तरीही आघाडी ही आघाडीच होती आणि तत्कालीन अनेक परीक्षणांनी किमतीच्या मानाने मिळणाऱ्या वेगाच्या आधारे 'आरएक्स ५७०० एक्सटी'ची शिफारस केली. त्या दिवसांच्या खेळांचा विचार करता ती शिफारस वाजवी होती. रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाशकिरणांच्या मार्गाचे गणित करून सावल्या व प्रतिबिंबे रेखाटण्याची पद्धत, तेव्हा 'बॅटलफील्ड ५', 'मेट्रो एक्सोडस' अशा मोजक्या खेळांत उपलब्ध होती आणि ती चालू केल्यास वेग बराच घटत असे. कमी बिंदूंचे चित्र मोठे करून दाखवणारे एन्व्हिडियाचे 'डीएलएसएस' हे तंत्रही त्या वेळी अपरिपक्व होते. चित्र धूसर दिसते अशी तक्रार सर्रास होत असे.

पुढील पाच वर्षांत परिस्थिती पालटली. मार्च २०२० मध्ये 'डीएलएसएस'ची दुसरी आवृत्ती आली आणि चित्राच्या दर्जात मोठी सुधारणा झाली. त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टने 'डायरेक्टएक्स १२ अल्टिमेट' जाहीर केले. त्यातील रे ट्रेसिंग व मेश शेडर या सुविधा 'आरटीएक्स २०' मालिकेत आधीपासून होत्या, 'आरएक्स ५७००' मालिकेत नव्हत्या. ऑक्टोबर २०२३ मधील 'ॲलन वेक २' या खेळाने मेश शेडर गृहीत धरले. त्यामुळे 'आरएक्स ५७०० एक्सटी'सारख्या कार्डांवर तो फार मंद चालला. काही महिन्यांनंतरच्या सुधारणेमुळे हा दोष काहीसा कमी झाला. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' या खेळाने रे ट्रेसिंग अनिवार्य केले. त्याच्या अधिकृत किमान गरजांमध्ये एन्व्हिडियाचे 'आरटीएक्स २०६० सुपर' हेच कार्ड नमूद आहे. एएमडीच्या बाजूने 'आरएक्स ६६००' हे त्यानंतरच्या पिढीतील कार्ड दिलेले आहे. 'आरएक्स ५७०० एक्सटी' अधिकृतरीत्या या यादीत बसत नाही. मे २०२५ मधील 'डूम : द डार्क एजेस' या खेळानेही हाच मार्ग अनुसरला.

येथे एक आक्षेप संभवतो : भविष्यात काय घडेल हे ग्राहकास कसे कळावे? हा आक्षेप काही अंशी मान्य करावा लागेल. तथापि, संकेत मुळीच नव्हते असे म्हणता येत नाही. सोनीचे मार्क सर्नी यांनी एप्रिल २०१९ मध्येच नव्या प्लेस्टेशनमध्ये रे ट्रेसिंग असेल असे सांगितले होते आणि मायक्रोसॉफ्टने जून २०१९ मध्ये आपल्या नव्या एक्सबॉक्सबाबत तीच घोषणा केली होती. मोठे खेळ मुख्यतः या कन्सोलांना समोर ठेवून तयार होतात. ही दोन्ही यंत्रे नोव्हेंबर २०२० मध्ये आली आणि त्यांची क्षमता ही पुढील अनेक वर्षांच्या खेळांची पायाभूत पातळी ठरली. म्हणजे नव्या कन्सोलमध्ये कोणत्या सुविधा असतील आणि किती मेमरी असेल, ही माहिती संगणकाच्या ग्राहकासही दिशादर्शक ठरते.

याचा अर्थ 'आरएक्स ५७०० एक्सटी' घेणाऱ्या प्रत्येकाची निवड चुकली असा नव्हे. जो ग्राहक दोन-तीन वर्षांनी कार्ड बदलणार होता, अथवा 'काउंटर-स्ट्राइक' व 'व्हॅलोरंट' यांसारखे स्पर्धात्मक खेळच खेळणार होता, त्याला अधिक वेगाचा लाभ पहिल्या दिवसापासून मिळाला. निवड योग्य की अयोग्य हे कार्ड किती वर्षे आणि कशासाठी वापरायचे आहे यावर अवलंबून होते.

५. मेमरीचा निकष : आणखी दोन उदाहरणे

वरील उदाहरणावरून एन्व्हिडियाचेच कार्ड नेहमी दीर्घकाळ उपयोगी राहते असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. २०१६ मध्ये एएमडीचे 'आरएक्स ४८०' हे आठ गिगाबाइटचे कार्ड २३९ डॉलरला आणि एन्व्हिडियाचे 'जीटीएक्स १०६०' हे सहा गिगाबाइटचे कार्ड २४९ डॉलरला जाहीर झाले. आरंभी बहुसंख्य खेळांत 'जीटीएक्स १०६०' पुढे होते आणि त्याचा वीजवापरही कमी होता. पुढे 'डायरेक्टएक्स १२' व 'व्हल्कन' या नव्या पद्धतींचा वापर वाढला, खेळांची मेमरीची गरजही वाढली. तसतसे हे अंतर घटले आणि काही खेळांत उलटले. त्याच वर्षी १९९ डॉलरला आलेल्या तीन गिगाबाइटच्या 'जीटीएक्स १०६०' ची अडचण सर्वांत आधी झाली. प्रोसेसरची ताकद शिल्लक असूनही मेमरीअभावी त्या कार्डाला चित्राचा दर्जा खाली आणावा लागला.

२०२५ मध्ये हाच प्रश्न नव्या आकड्यांसह समोर आला. एन्व्हिडियाचे 'आरटीएक्स ५०६० टीआय' एप्रिलमध्ये दोन स्वरूपांत आले : आठ गिगाबाइट ३७९ डॉलरला आणि सोळा गिगाबाइट ४२९ डॉलरला. एएमडीचे 'आरएक्स ९०६० एक्सटी' जूनमध्ये आठ गिगाबाइट २९९ आणि सोळा गिगाबाइट ३४९ डॉलर अशा जाहीर किमतींना आले. म्हणजे साडेतीनशे ते पावणेचारशे डॉलरच्या टप्प्यात एकीकडे काहीसा वेगवान प्रोसेसर व आठ गिगाबाइट, तर दुसरीकडे किंचित कमी वेग व सोळा गिगाबाइट असा पर्याय होता. वेगातील फरक चित्राचा दर्जा एक पायरी उतरवून भरून काढता येतो. आठ गिगाबाइटची मर्यादा मात्र पोताचा दर्जा कमी करूनच सांभाळावी लागते, आणि रे ट्रेसिंग अथवा फ्रेम वाढवणारी तंत्रे स्वतःही मेमरी व्यापतात. पाच वर्षांचा विचार करणाऱ्या ग्राहकासाठी अशा जोडीत अधिक मेमरीचे पारडे जड ठरते.

फ्रेम वाढवणाऱ्या तंत्रांविषयी येथेच एक खुलासा आवश्यक आहे. जानेवारी २०२५ मध्ये एन्व्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी ५४९ डॉलरचे 'आरटीएक्स ५०७०' हे मागील पिढीतील 'आरटीएक्स ४०९०' इतकी कामगिरी देईल असे जाहीर केले होते. ही तुलना कृत्रिमरीत्या निर्माण केलेल्या मधल्या फ्रेमवर आधारलेली होती. अशा फ्रेममुळे हालचाल अधिक सुरळीत दिसते, परंतु माऊस हलवल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा अवधी त्यामुळे कमी होत नाही. म्हणून तुलना करताना दोन्ही कार्डांचे ही सुविधा बंद असतानाचे आकडे प्रथम पाहावेत.

६. संगणकाच्या अन्य घटकांशी मेळ

कार्ड एकटे काम करीत नाही. मुख्य प्रोसेसर सेकंदाला ८० फ्रेमचीच तयारी करू शकत असेल, तर ९० फ्रेमची क्षमता असलेले कार्ड आणि ११० फ्रेमची क्षमता असलेले कार्ड या दोहोंपासून ८० फ्रेमच मिळतील. परीक्षणे बहुधा सर्वांत वेगवान प्रोसेसरवर केली जातात. त्यामुळे त्यांतील फरक जुन्या संगणकावर जसाच्या तसा अनुभवास येत नाही. डिसेंबर २०२४ मधील इंटेलच्या 'आर्क बी ५८०' या २४९ डॉलरच्या कार्डाने बारा गिगाबाइट मेमरीमुळे प्रशंसा मिळवली. मात्र जुन्या प्रोसेसरसह त्याची कामगिरी प्रतिस्पर्ध्यांपेक्षा अधिक घसरते, असे त्यानंतरच्या चाचण्यांत आढळले.

मदरबोर्डाच्या स्लॉटचाही विचार करावा लागतो. जानेवारी २०२२ मधील 'आरएक्स ६५०० एक्सटी' या कार्डाला चार गिगाबाइट मेमरी आणि पीसीआय एक्सप्रेसच्या केवळ चार मार्गिका होत्या. ४.० प्रकारच्या स्लॉटमध्ये ते बऱ्यापैकी चालत असे; ३.० प्रकारच्या जुन्या मदरबोर्डात मार्गिकांची गती निम्मी होत असल्याने मेमरी भरताच वेग मोठ्या प्रमाणात घटत असे. स्वस्त कार्ड जुन्या संगणकातच बसवले जाण्याची शक्यता अधिक असल्याने ही उणीव नेमकी त्याच ग्राहकास सोसावी लागली.

वीजपुरवठ्यासाठी आवश्यक क्षमतेचा आणि योग्य जोडण्या असलेला एसएमपीएस हवा. स्थानिक दुकानांत मिळणाऱ्या हलक्या एसएमपीएसवरील वॅटचा आकडा विश्वासार्ह असतोच असे नाही. 'आरएक्स ४८०' बाजारात आले तेव्हा ते स्लॉटमधून ७५ वॅटच्या मर्यादेपेक्षा अधिक वीज घेत असल्याचे चाचण्यांत आढळले आणि एएमडीला जुलै २०१६ मध्ये ड्रायव्हरद्वारे त्यात दुरुस्ती करावी लागली. यावरून विजेचा मुद्दा केवळ बिलापुरता मर्यादित नाही हे लक्षात येते.

हवामान हा आपल्याकडील आणखी एक घटक होय. वातानुकूलित खोलीत केलेल्या चाचणीत कार्डाचे जे तापमान नोंदवले जाते, त्यात विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात खोलीच्या वाढीव तापमानाची भर पडते. खोली १५ अंशांनी अधिक उष्ण असेल तर पंख्यांचा वेग वाढतो, आवाज वाढतो आणि प्रसंगी कार्ड स्वतःचा वेग कमी करते. एकाच प्रोसेसरवर आधारलेली कार्डे निरनिराळे उत्पादक विकतात, तेव्हा थोड्या अधिक किमतीत मोठा उष्णताशोषक व चांगले पंखे मिळत असतील तर तो खर्च येथे वाया जात नाही.

७. किमतीचा व्यापक अर्थ

डॉलरमधील समान किंमत रुपयांत समान राहीलच असे नाही. आयातदाराचा नफा, विनिमय दर आणि १८ टक्के वस्तू व सेवा कर यांमुळे एकच कार्ड दोन दुकानांत भिन्न किमतीला मिळते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा आपल्या शहरातील दुकानात प्रत्यक्ष चौकशी केल्याशिवाय कार्डे खरोखर समान किमतीची आहेत का, हे ठरवता येत नाही.

खरेदीनंतरचा खर्चही किमतीचाच भाग आहे. तक्ता क्र. १ मधील दोन कार्डांच्या वीजवापरात ५० वॅटचा फरक आहे. रोज चार तास पूर्ण भाराने वापर धरल्यास वर्षाला ७३ युनिटचा फरक पडतो. विजेचा दर युनिटला दहा रुपये मानल्यास ही रक्कम वर्षाला ७३० आणि पाच वर्षांत ३,६५० रुपये होते. रोज तासभर खेळणाऱ्यासाठी हा फरक नगण्य आहे. दीर्घकाळ वापर असणाऱ्यासाठी नाही.

वॉरंटीचा कालावधी, सेवा केंद्राचे अंतर आणि बिलाची ग्राह्यता यांचीही तुलना करावी. अनधिकृत मार्गाने आलेले स्वस्त कार्ड बिघडल्यास ग्राहकाच्या हाती काही राहत नाही. इथेरियमने सप्टेंबर २०२२ मध्ये ग्राफिक्स कार्डांवर अवलंबून असलेली पद्धत सोडल्यानंतर त्या कामात वापरलेली अनेक कार्डे जुन्या बाजारात आली. अशी कार्डे घेताना पंखे, तापमान आणि उरलेली वॉरंटी तपासणे इष्ट होय.

ड्रायव्हरचा पाठिंबा हाही आयुर्मानाचा भाग होय. २०१६ च्या 'जीटीएक्स १०' मालिकेसाठी खेळांनुरूप नवे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पर्यंत देऊन त्यानंतर केवळ सुरक्षाविषयक सुधारणा देण्याचे एन्व्हिडियाने जाहीर केले. एएमडीने त्याच काळातील 'आरएक्स ४८०' च्या मालिकेला २०२३ मध्ये वेगळ्या, मर्यादित शाखेत ठेवले. याखेरीज ज्या विद्यार्थ्यास कार्डाचा उपयोग यंत्रशिक्षणाच्या प्रकल्पासाठीही करावयाचा आहे, त्याने एन्व्हिडियाच्या 'क्युडा' या प्रणालीवर अनेक साधने आधारलेली आहेत, हे ध्यानी घ्यावे.

८. निवडीचा क्रम

उपरोक्त विवेचनावरून निवडीचा पुढील क्रम सुचवता येतो.

१. मॉनिटरची बिंदुसंख्या, प्रत्यक्ष खेळावयाचे खेळ आणि कार्ड वापरण्याची वर्षे प्रथम निश्चित करावीत.

२. प्रोसेसर, स्लॉट, एसएमपीएस आणि कॅबिनेटमधील जागा यांच्याशी न जुळणारी कार्डे वगळावीत.

३. उरलेल्यांपैकी ज्यांत मेमरी किंवा आवश्यक सुविधा यांची स्पष्ट उणीव आहे, ती दीर्घ वापरासाठी मागे ठेवावीत.

४. त्यानंतरच स्वतंत्र परीक्षणांतील सरासरी व मंद फ्रेमचे आकडे पाहावेत. पाच टक्क्यांच्या आतील फरक खेळताना सहसा जाणवत नाही.

५. तरीही निर्णय होत नसेल तर वीजवापर, आवाज, वॉरंटी आणि सेवा यांच्या आधारे निवड करावी.

९. निष्कर्ष

समान किमतीच्या ग्राफिक्स कार्डांपैकी एक निरपवादपणे श्रेष्ठ असते, हे गृहीतक उपरोक्त उदाहरणांवरून टिकत नाही. २०१६ मध्ये मेमरीने आणि २०१९ मध्ये रे ट्रेसिंगच्या सुविधेने कार्डांचे पुढील आयुष्य ठरवले. दोन्ही वेळा आरंभीच्या वेगातील फरक कालांतराने गौण ठरला. कमी वेगावर चित्राचा दर्जा थोडा उतरवून मात करता येते. अपुरी मेमरी आणि अनुपलब्ध सुविधा यांवर मात्र नवे कार्ड घेण्यावाचून खात्रीचा उपाय राहत नाही. ज्या कुटुंबाला हा खर्च पाच-सहा वर्षांतून एकदाच करता येतो, त्याने या भेदाकडे सर्वाधिक लक्ष द्यावे. वारंवार कार्ड बदलू शकणाऱ्या अथवा ठरावीक स्पर्धात्मक खेळच खेळणाऱ्या ग्राहकाने आजच्या वेगाला प्राधान्य दिल्यास तेही तितकेच सयुक्तिक होय. आपण या दोहोंपैकी कोणत्या गटात मोडतो, हे ठरवून मगच दुकानाची पायरी चढावी.